भांडीवाले शेठ आन धाकली सिस्टीम

आमच्या शेठकडं जाऊन "शेठ, कंप्युटर बिघडला" आसं म्हणलं की ते पयलं हातातलं भांडं खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आन इचारायचे, "काय केलंस?"

"मी काय नाय केलं, शेठ."

"बरं. म्हणजे तूच केलंस. आता सुरुवातीपासून सांग."

यातून कुणीच सुटायचं नाय. राजुरीचे नाना, आख्ख्या पट्ट्यातल्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून देणारे, तेबी हेच म्हणायचे. आंबेगावात डोंगराकडच्या शाळेवर शिकवणाऱ्या मॅडम, त्याबी हेच म्हणायच्या, फक्त शुद्ध मराठीत. शेठ म्हणायचे, "'मी काही नाही केलं' हे तापासारखं आहे. ताप दिसला की मी निश्चिंत. यंत्र चांगलं आहे, माणूस आजारी आहे."

मी त्यातला सगळ्यात आजारी.

शेठचं जुन्नरच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. राजस्थानातले जैन, पण ते आपलं सांगायचं म्हणून. त्यांच्या आज्याला सुदीक जुन्नरचंच पाणी आन जुन्नरचीच मराठी. खाली दुकान, वर माळा. खाली स्टीलच्या डब्यांची उतरंड, वर कंप्युटरची. दोन्हीकडं त्यांची तऱ्हा एकच. गिऱ्हाईकानं पातेलं मागितलं की आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे, कान लावायचे, मंगच द्यायचे. वर गेले की कंप्युटरच्या डब्यालाबी टिचकी मारायचे. काय आयकू यायचं देव जाणे. मी एकदा घरी आमच्या कंप्युटरला टिचकी मारून कान लावला, तर बायको म्हणली, "काय म्हणतंय? उधारी मागतंय का?"

आता ही धाकली काय भानगड ते सांगतो. कंप्युटर म्हंजी नुसतं धूड. त्येला उठवणारी, पडदा लावणारी, कोणतं बटन दाबलं ते वळखणारी एक कारभारीण आत लागती. तिला म्हणायचं सिस्टीम. जगात सगळ्यांकडं आसती ती थोरली. थोरलीला नवाकोरा तगडा कंप्युटर लागतो. जुन्यावर बसवली तर बसकण मारती. पण परदेशात कुठंतरी मूठभर हौशी मानसांनी एक बारकी सिस्टीम बनवलेली हाय. लोकांनी फेकून दिलेल्या मशीनवरबी ती पळती. तिचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाय, म्हणून आमी तिला धाकली म्हणायचो. एकदा मी फोनवर नानांला म्हणलं, "आज दिसभर धाकलीपाशीच बसायचं हाय." बायकोनं आयकलं. त्या दिवशी मला भाकर मिळाली नाय.

धाकलीत एकच वाईट. ती बिघडली तर कुठं न्यायची? दुकान नाय, कंपनी नाय. पुण्यात इचारलं तर पुण्यातली पोरं म्हणत्यात, हे काय आसतं? म्हणून जेवढी मानसं ती वापरत्यात तेवढ्यांनी एकमेकाला सांभाळायचं. आमच्या जुन्नर-आंबेगावात आशी येडी आमी चारच व्हतो आन आमचा दवाखाना म्हंजी शेठचा माळा. दुकान बंद आसायच्या दिवशी दुपारी जमायचं. दिवस मावळायच्या आत उठायचं, कारण शेठ दिवस मावळल्यावर जेवत नाय. मशीन आर्धं खोललेलं आसू दे नायतर पुरं, उन्हं उतरली की शेठ उठलेच.

मी ह्यात घुसलो शेळीमुळं. बायकोनं मला बेल्ह्याच्या बाजारात शेळी आणाय धाडलं. मी टेम्पोवाला, बाजारादिवशी जनावरं वाहतो, म्हंजी मला जनावरातलं कळतं आसा तिचा समज. बाजाराच्या कडंला एक भंगारवाला बंद पडलेल्या कुठल्यातरी क्लासचं सामान मांडून बसला व्हता. मी नुसतं बघत व्हतो. तो म्हणला, "घ्या पावणं कंप्युटर, शिकल्यालं दिसता." मला जल्मात कुणी शिकल्यालं म्हणलं नव्हतं. चौथीतनं मास्तरनी हाकलला, तवापासून मराठी आडखळत वाचतो आन इंग्रजी म्हंजी मला चित्रं. त्या एका शब्दावर म्या शेळीचं कंप्युटर केलं.

घरी गेलो. बायकोनं टेम्पोत डोकावून बघितलं आन म्हणली, "आता ह्येचं दूध काढून दाव."

दूध तर सोडाच, ते चालूच हुईना. एका दुकानदारानं सांगितलं, फेकून दे, नायतर जुन्नरात एक भांडीवाले शेठ हायेत, डोक्यानं जरा तिरपे, त्यांला दाखव. दाखवाय नेलं. शेठनी टिचकी मारली, कान लावला, वायरी जोडल्या, धाकलीची सीडी आत सारली, आन की-बोर्ड माझ्याम्होरं सरकवला. सोता हात पाठीमागं बांधून, पडद्याकडं पाठ करून हुबे.

"काय दिसतं?"

"इंग्रजी दिसतं."

"वाच."

"शेठ, वाचता आलं आसतं तर टेम्पो चालवला आसता का?"

"मग चित्र सांग."

मी सांगाय लागलो. "एक कंगवा हाय, तीन दातांचा. मंग एक पोट सुटल्याला मानूस पाय फाकवून हुबा हाय. मंग त्येचाच भाऊ. मंग अंडं. मंग तिसरा भाऊ."

"एरर आहे," शेठ म्हणले. "छान. पुढे सांग."

आख्खी दुपार मी त्यांला चित्रं सांगितली आन त्यांनी मला बटनं सांगितली, ती बी चित्रातच. खुर्ची दाब, शिडी दाब, उलटी छत्री दाब. मला घाम फुटला. शेवटी म्हणलं, "शेठ, तुमीच दाबा की. तुमचं एका मिनिटाचं काम."

"तुझ्या घरी रोज मी येऊ का? दाब."

हा त्यांचा कायदा. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाय. तोंडानं सांगायचं, दाबायचं ज्याचं त्यानं. नाना लई उतावळे. बोलता बोलता त्यांचा हात आपसूक दुसऱ्याच्या माऊसवर जायचा. शेठ बारक्या उलथन्यानं त्यांच्या मनगटावर टोला द्यायचे. नवं उलथनं, दुकानातलं. टोला देऊन परत पुसून डब्यात ठेवायचे, विकायला.

दुसरा कायदा भांड्यांचा. आमच्याकडं गावची भांडी आसत्यात की, लग्नाकार्याला काढायची. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, घासून-पुसून परत आणायची, आन जमलं तर एखादं जास्तीचं पातेलं सोताच्या नावानं त्यात घालायचं. शेठनी धाकलीची आवजारं तशीच ठेवलेली. म्हंजी बारकेबारके प्रोग्रॅम हो. कुठला पेनड्राईव्ह उघडायला, कुठला प्रिंटर हलवायला, कुठला मराठी टाईप करायला. सगळे एका खणात, खणाचं नाव 'भांडी'. आन परत्येक प्रोग्रॅमच्या पयल्या वळीत शेठनी भांड्यावर कोरत्यात तसं लिवल्यालं: 'राजुरीच्या नानांकडून, न उघडणाऱ्या पेनड्राईव्हसाठी.' 'मॅडमकडून, शाळेच्या मुलांच्या मराठीसाठी.' एक कुठल्या दूरदेशीच्या मानसाचा व्हता, त्येच्यावर 'अमक्याकडून, त्याच्या गावी बर्फ पडत असताना.' त्या मानसानं पत्रात बर्फाचं लिवलं व्हतं म्हणं. शेठ म्हणले, निमित्त लिहिलं पाहिजे.

मी एक प्रोग्रॅम घरी नेला. माझ्या मशीनवर दमानं चालायचा. मला वाटलं, ह्या वरच्या नावाच्या वजनानं जड झाला आसंल. उडवलं नाव. तसाच परत दिला. दुसऱ्या दिवशी शेठनी दुकानात बोलावलं, मोडीत आलेला एक तांब्या माझ्या हातात दिला. त्येच्यावरचं नाव कुणीतरी कानशीनं घासून काढल्यालं.

"हा तांब्या कसला?"

"जुना हाय, शेठ."

"चोरीचा. चोर पहिलं नाव घासतो."

मी म्हणलं, "शेठ, मी काय नाय..."

"केलं. माहीत आहे." मंग एक नवी ताटली काढली, नाव कोरायचं मशीन माझ्या हातात दिलं आन म्हणले, "स्वतःचं कोर. कळेल किती वेळ लागतो." त्या मशीनला विंचवासारखी नांगी. घर्रर्र करून पळती. माझं नाव ताटलीच्या मधोमध सुरू झालं आन काठावरनं खाली पडलं. आजून आमच्या घरी ती ताटली हाय. पावणे आले की बायको मुद्दाम त्येच्यातच वाढती.

शेठ कधी 'बग मारला' म्हणू द्यायचे नाय. नाना म्हणायचे, "शेठ, प्रोग्रॅममधला किडा सापडला, मारला." शेठ म्हणायचे, "मारला नाही, काढला. काढून बाजूला ठेव, कुठून आला ते बघू." खरंच ठेवायचे. 'भांडी'च्या शेजारी दुसरा खण व्हता, 'पांजरपोळ'. त्यात सगळे काढल्याले किडे.

तर आसं चाललं व्हतं. मंग शेठनी नवंच खूळ काढलं. गिऱ्हाईकानं मोड आणली की नाव वाचायच्या ऐवजी बोट फिरवायचे. "हे लग्नातलं आहे. मामाकडून." आमी म्हणलं, टिचकी झाली, आता बोट. नाना तर कौतुकानं सांगत सुटले, शेठ आता हातानं वाचत्यात. मीबी घरी ताटलीवर बोट फिरवून बघितलं. कापलं.

एका दुपारी माळ्यावर शेठनी सगळ्यांला थर्मासमधनं चहा वतला. नानांचा कप भरला, कपाच्या शेजारचा की-बोर्डबी भरला. मॅडम हळूच म्हणल्या, "शेठ, डोळे दाखवलेत का?"

"दाखवले. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आणि राहिलेलंही थोड्या दिवसांचं पाहुणं आहे. नाना, तो की-बोर्ड उलटा करून उन्हात ठेवा, साखर आहे त्यात."

आसं म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. झाकण पयल्याच फटक्यात बसलं. म्हंजी कितीतरी दिवसांपासून हातानंच बसवत आसणार.

त्यांचा ल्योक पुण्याला. त्याचा सोताचा धंदा, भला मानूस. आला की आमच्या सगळ्यांच्या तब्येती इचारायचा. त्याला कळल्यावर तो आला, माळ्यावर चढला, खाली बघितलं, वर बघितलं. जिना हुबा. वायरी पायात.

"बाबा, बास आता. पुण्याला चला. दुकान आपला दिवाणजी बघतोय ना इतकी वर्षं. तिथं तुम्हाला खोली आहे, बाल्कनी आहे."

"बाल्कनीत बिघडतं काय?"

"काही बिघडत नाही!"

"मग मी करू काय तिथं?"

ल्योक कावला. म्हणला, "आणि इथं काय करणार? पडदा दिसत नाही. ह्या लोकांना विचारत बसणार, काय लिहिलंय, काय लिहिलंय?" मंग आमच्याकडं बघून म्हणला, "राग मानू नका."

आमी कशाला राग मानू. खरंच व्हतं. त्या महिन्याभरात शेठ इचारायचे आन आमी सांगायचो. आन मानूस मायेपोटी लई घाण सांगतो. पडद्यावर काय बी येऊ दे, नाना म्हणायचे, "सगळं बेस हाय, शेठ." शेठला ते कळायचं. एकदा म्हणले, "नाना, तुम्ही मला मशीनचं सांगत नाही, माझ्या मनासारखं सांगता."

शेवटी बापल्योकात ठरलं. दिवाळीला ल्योक येणार. तवर शेठनी कुणाचं बोट नाय, कुणाचा शब्द नाय, आसं एकट्यानं मशीन चालवून, एक बिघाड काढून दाखवायचा. जमलं तर जुन्नर. नाय जमलं तर पुणं, आन वरची सगळी मशीनं मोडीत. शेठनी 'मोडीत' शब्द सोता घातला. धंद्याचा मानूस, सौद्यात आडपडदा नाय.

तुमी म्हणाल, बोलणारे कंप्युटर आसत्यात की. आसत्यात. थोरलीत हाय, मोबाईलमधी हाय. ल्योकानं तसला मोबाईल आणून दिला व्हता. शेठनी आयकला आन म्हणले, "हा किराणा दुकानातल्या पोरासारखा आहे. सगळंच सांगतो. मला फक्त कुठं थांबायचं तेवढं पाहिजे." धाकलीत मातर बोलायचं आवजारच नव्हतं. परदेशातल्या एकानं आर्धवट केल्यालं एक धाडलं. ते इंग्रजी बोलायचं आन कोंबडीच्या नरड्यात दाणा आडकल्यावानी बोलायचं.

नाना आन मॅडम बसले. धाकली जे जे म्हणती त्या वाक्यांची एक-एक करून निवड केली, परत्येक वाक्याला खऱ्या मानसाचा आवाज लावायचा ठरलं. वाक्य पडद्यावर आलं की तो आवाज वाजायचा. आवाज आर्थातच मॅडमचा. काय आवाज हो! शाळेच्या गॅदरिंगला ऐकावा तसा. शेठ बसले, आमी एक बिनकामाची डिस्क जोडली, नानांनी मुद्दाम शेठला आडचणीत घातलं. मशीन मॅडमच्या आवाजात म्हणलं, "सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचे का?"

शेठनी लगेच हो म्हणलं. सगळं पुसलं.

"शेठ!" मॅडम वराडल्या.

"मॅडम, तुम्ही इतकं गोड विचारलंत, नाही कसं म्हणू? तुम्ही मला विहिरीत ढकललंत, पण आवाजात हळदीकुंकू होतं."

मंग नानांचा आवाज घेतला. नानांच्या गालात कायम तंबाखू. 'पुसली जाईल'च्या 'प'लाच वेळ लागायचा, तवर पुसून झाल्यालं आसायचं. माझा आवाज घ्यावा आसं कुणाच्या मनातबी आलं नाय. माझ्याबी नाय. माझा आवाज आयकून आमची म्हैस पान्हा चोरती.

दिवाळी जवळ आली. बाजारपेठ भरल्याली. शेठच्या दुकानाचा माल उतरवून मी टेम्पो लावला, तर गल्लीत मागून दुसरा टेम्पो घुसला, पत्र्यांनी भरल्याला, आन आडकला. ह्या बाजूला पणत्यावाल्या बाया, त्या बाजूला मोटारसायकली, मागं उघडं गटार. डायव्हर नवखा, त्येला मागचं काय दिसंना. तोंड पांढरं पडलं त्येचं. मी मागं जाऊन हुबा राहिलो. पोटापाण्याला लागलो ते ट्रकवरचा किन्नर, म्हंजी क्लीनर म्हणूनच. मागं हुबं राहून आरडायचं हीच माझी पदवी.

"यीऊंद्या! यीऊंद्या! यीऊंद्या... डावी मारा... आजून... सरळ करा! यीऊंद्या... हळू... हळू... थांब! थांब! थांब! गटार हाय!"

सगळी गल्ली थांबली. पणत्यावाली थांबली, मोटारसायकली थांबल्या, एक बाई भाव करत व्हती ती बी थांबली. आन वरनं माळ्याच्या खिडकीतनं शेठचं डोकं भायेर आलं.

"कोण ओरडलं ते?"

"मी, शेठ. मी काय नाय..."

"वर ये."

वर गेलो. शेठ खुर्चीवर सरळ बसल्याले. मॅडमला म्हणले, "तो ड्रायव्हर मागं बघत होता का?"

"नाही. त्याला दिसतच नव्हतं."

"मग कशावर गाडी आणली?"

मॅडम माझ्याकडं बघाय लागल्या. नानांनी तंबाखू थुकली आन म्हणले, "आरं देवा. ह्येचा आवाज? जल्मभर आयकायचा?"

"तुम्हाला कुठं ऐकायचाय?" शेठ म्हणले.

रेकॉर्डिंग माझ्याच घरी केलं. टेम्पोच्या काचा वर केल्या, भवतीनं गोधड्या टाकल्या, आत मी आन मॅडम आन मोबाईल. मॅडम एक-एक वाक्य वाचायच्या, मी म्हणायचं.

"म्हणा, 'फाईल सापडली नाही.'"

"फाईल काय गावली नाय, शेठ!"

"अहो, जसं आहे तसं म्हणा."

"जसं हाय तसंच म्हणलो की. नाय गावली."

मॅडमनी शेठला फोन लावला. शेठ म्हणले, "त्याला त्याचं म्हणू दे. फक्त खोटं म्हणायचं नाही आणि जास्तीचं म्हणायचं नाही." जास्तीचं नाय म्हणायचं ह्येचाच मला तरास. डिस्क भरली म्हणायला सांगितलं तर मी म्हणलं, "डिस्क भरली, आता काय डोक्यावर ठिवायचं का?" मॅडमनी ते पुन्हा करून घेतलं. पुसायच्या वाक्याला मातर मी मन लावून आरडलो: "थांबा! थांबा! म्होरं इहीर हाय! सगळं पुसलं जाईल!" शेजारच्या घरातनं दोघं धावत आले.

शेवटचं वाक्य मशीन बंद व्हायचं. मी म्हणलं, "मशीन बंद व्हतंय." त्याच टायमाला दार उघडून, गोधडी वर करून आमच्या बायकोनं आत डोकं घातलं, "आता जेवाया उठा, बास झालं!" ते बी त्यात गेलं. मॅडम म्हणल्या, "हे काढून टाकू." शेठनी आयकलं आन म्हणले, "राहू द्या. मला आता उन्हं उतरलेली कळत नाहीत. हिनं बोलावलं की उठेन."

दिवाळीला ल्योक आला. माळ्यावर खुर्ची टाकून बसला. त्यानं बिघाड सोता निवडला: मॅडमच्या शाळेतलं एक मशीन, कुणीतरी दान दिल्यालं, वीज गेली-आली तवापासून उठत नव्हतं. आमी तिघं भितीला टेकून हुबे. तोंड उघडायचं नाय, ही आट.

शेठनी टिचकी मारली. ल्योकानं आमच्याकडं बघितलं, आमी छताकडं. मंग सीडी आत गेली, धाकली उठली, आन माझा आवाज माळ्यात घुमला, "उठली, शेठ!" ल्योक खुर्चीतनं उडाला.

शेठ बटनं दाबत गेले. मी बोलत गेलो. फाईल नाय गावली. दुसरीकडं बघा. गावली. डिस्कला इजा हाय. एकदा तर मी आतनं आसा आरडलो, "थांबा! म्होरं इहीर हाय!" की भितीला टेकल्याला मीबी थांबलो. शेठचा हात बटनाच्या वर हवेत. मंग त्यांनी हात मागं घेतला, दुसरं बटन दाबलं. ल्योकाच्या कपाळावर घाम.

आन मंग मशीन गप झालं.

पडद्यावर इंग्रजीच्या चार वळी आल्या. आमी रेकॉर्डच केल्यालं नव्हतं आसलं काहीतरी. मॅडमनी वाचलं, त्यांचे व्हट हलले, नानांनी त्यांचा हात दाबला. मी चित्रं बघितली. मला काय कळणार. शेठ आयकत बसले. काय आयकू येईना. ल्योकानं न राहवून हात माऊसकडं नेला. ते शेठला कसं कळलं देव जाणे, पण उलथनं बराबर मनगटावर बसलं.

"बाबा, तिथं काहीतरी लिहून आलंय. मी वाचू?"

"नको. ठरलंय आपलं."

"मग आता?"

"जिथं आवाज नाही तिथं पाय टाकायचा नाही." शेठनी एक बटन दाबून धाकलीला मागं आणलं, जिथं माझा आवाज व्हता तिथपर्यंत. मंग दुसऱ्या वाटंनं निघाले. लांबची वाट. लई येळ लागला. नाना हुबं राहून राहून खाली बसले. ल्योक मातर खुर्चीच्या काठावर, आता पडद्याकडं बघत नव्हता, बापाच्या हाताकडं बघत व्हता. शेठ जिथं खात्री नाय तिथं थांबायचे, चाचपायचे, मागं यायचे. घाई आशी नायच. मंग एकदम शाळेचं मशीन उठल्यालं कळलं, कारण त्येच्यातनं पोरांच्या प्रार्थनेचं गाणं वाजाय लागलं. मॅडमनी डोळ्याला पदर लावला.

शेठ म्हणले, "मॅडम, वीज गेली तेव्हा काय केलंत?"

"मी काही नाही केलं, शेठ."

"बरं."

त्यांनी मशीन बंद केलं. माझा आवाज म्हणला, मशीन बंद व्हतंय. आन लगोलग आमची बायको, "आता जेवाया उठा, बास झालं!"

ल्योकानं कपाळ पुसलं. "ही कोण?"

"आमची मंडळी," मी म्हणलं.

"रोज बोलावते?"

"तुमच्या बाबांला बोलावती. मला नाय बोलावत."

तो हसाय लागला, थांबेचना. मंग उठला, पायात आल्याल्या वायरी गोळा केल्या आन भितीला खिळे मारून वर बांधाय घेतल्या. जिन्याला दोन्ही बाजूनं दोर लावून मंगच पुण्याला गेला. एकटा.

आता ते आवजार 'भांडी'त हाय. वरच्या वळीत माझं नाव, गाव, आन निमित्त: 'गल्लीत टेम्पो अडकला तेव्हा.' शेठनी ते परदेशातल्या मानसांलाबी धाडलं. एकानं कळवलं की मला एक शब्द कळत नाही, पण हा माणूस ओरडला की माझा हात थांबतो. मॅडमनी मला ते वाचून दाखवलं. मी बायकोला सांगितलं. ती म्हणली, "त्यांचा थांबतो, मंग तुमचा का नाय थांबत?"

शेठला आता काहीच दिसत नाय. उजेड-आंधार बी नाय. मागच्या आठवड्यात माल उतरवून वर निघालो. आर्ध्या जिन्यात दोर धरून थांबलो, कारण वर भांडण चालल्यालं.

"डिस्कला इजा हाय, शेठ!" मी वरनं आरडत व्हतो.

"खोटं बोलतोस. काल नव्हती."

"डिस्कला इजा हाय, शेठ!"

"बरं बाबा, बघतो. कुठं आहे?"

"म्होरल्या भागात!"

"हां. आहे खरी."

मी दोन पायऱ्या चढलो आन जिन्यातनंच म्हणलं, "शेठ, मी आलोय. काय झालं?"

"गप रे," शेठ म्हणले, "तुला नाही विचारलं. ह्याला विचारतोय."

मी गप खाली पायरीवर बसलो. माझं चाललं व्हतं वर.